आमची वाटचाल : बुवांनी परस्पर घेतलेली ऑर्डर

आळंदीत वडगाव रस्त्याला आमचं पखवाजाचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे पत्र्याच्या शेडमध्ये कारखाना. कारखाना म्हणजे चार माणसं, कातडी भिजत घालायची दोन पिंपं आणि शिसम-खैराच्या खोडांची एक थप्पी. दुकान २००१ साली सुरू झालं. मालक मी असलो तरी ते सुरू करण्यात माझा हात फार थोडा होता.

मी तेव्हाच्या परभणी, आताच्या हिंगोली जिल्ह्यातला. १९९४ मध्ये चौदा वर्षांचा असताना वडिलांनी मला आळंदीत आणून सोडलं. जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून गावोगावची पोरं इथं शिकायला येतात. मोठ्या संस्थेभोवती लहान लहान खासगी संस्थाही उभ्या राहिल्या. आमच्या बुवांची संस्था त्यातलीच एक, पत्र्याच्या तीन खोल्यांची. पहाटे काकडा, मग पाठांतर, दुपारी माधुकरी, संध्याकाळी हरिपाठ. मला गळा नव्हता आणि पाठांतर तर अजिबात नव्हतं. कीर्तनकार होण्याची आशा घरच्यांनी सोडली त्याच्या आधीच मी सोडली होती.

पखवाज मात्र बरा वाजायचा. त्याहून बरं म्हणजे फाटलेली पुडी, म्हणजे तोंडावरचं मढवलेलं कातडं, उतरवून नवी बसवायला मला आवडायचं. एकदा पावसाळ्यात संस्थेचे तीनही पखवाज उतरले. बुवा म्हणाले, "हा बसवील." मी म्हणालो, "मला येत नाही, महाराज." ते म्हणाले, "आलं असतं तर तुला कशाला सांगितलं असतं?" दुसऱ्या दिवशी त्यांनी एक चिठ्ठी हातात दिली आणि मला पंढरपूरला धाडलं, एका मुस्लिम कारागीर चाचांकडे. त्यांच्याकडे मी दोन वर्षं राहिलो.

पखवाजाचं काम दिसतं तेवढं सोपं नाही. उजव्या पुडीवर शाई भरायची, म्हणजे लोखंडाचा बारीक कीस भाताच्या खळीत मळून त्याचा पातळ थर द्यायचा, गुळगुळीत दगडानं घोटायचा, वाळू द्यायचा आणि वर पुन्हा थर. एकही थर ओला राहिला तर शाई महिनाभरात तडकते. डाव्या तोंडाला वाजवायच्या वेळी कणीक लावतात. कमीजास्त झाली की धूम बदलते. वाद्या, म्हणजे दोन्ही पुड्या ताणणाऱ्या कातडी पट्ट्या, ओढायच्या, त्याखाली लाकडी गठ्ठे सरकवायचे, हातोडीनं गजरा, म्हणजे पुडीच्या कडेचा वेणीसारखा गोफ, ठोकत काळी एक की काळी दोन, जी पट्टी हवी तिथं सूर आणायचा. चाचांनी पहिले सहा महिने मला फक्त वाद्या ओढायला लावल्या. तळहाताला फोड यायचे. ते म्हणायचे, "बाळ, हात रडला की मगच वाजतो."

खरी अडचण घरी झाली. आई माळकरी. मी परत आल्यावर ती आळंदीला आली आणि पिंपात भिजलेलं बकऱ्याचं कातडं बघून दारातच थांबली. "माळ घातलेल्या पोरानं हे हातात धरायचं?" मला उत्तर सुचलं नाही. बुवा शेजारी होते. त्यांनी ओलं कातडं उचललं, स्वच्छ धोतरावर मांडीत घेतलं आणि तिथंच बसून त्याचे केस खरवडायला लागले. बोलले काहीच नाहीत. आई दहा मिनिटं उभी राहिली, मग तिनं त्यांच्यासाठी चहा टाकला. पाणी न घेता ती परत जाईल अशी माझी धास्ती होती. चोखोबा, गोरोबा, सावतोबा यांची नावं आपण रोज घेतो. कातडं मांडीवर घेणारा माणूस मात्र मी तो एकच पाहिला.

आता त्या ऑर्डरबद्दल. २००६ साली नगर जिल्ह्यातल्या एका मोठ्या सप्ताहवाल्यांना ५१ मृदंग, म्हणजे पखवाजच, एका पट्टीत हवे होते, पन्नास दिवसांत. आम्ही दोघं मिळून आठवड्याला तीन करायचो. बुवांनी मला न विचारता हो म्हणून टाकलं. वर भावही सांगून आले, तोही माझ्या लाकडा-कातड्याच्या खर्चाच्या जेमतेम वर. मी भांडलो. आवाज चढवूनच भांडलो, खोटं कशाला सांगू. ते शांतपणे म्हणाले, "तुझ्याकडून होणार नाही हे मला ठाऊक आहे. पांडुरंग करून घेईल."

हे वाक्य आळंदीत उठता-बसता ऐकू येतं. बहुतेक वेळा ते म्हणणारा माणूस त्यानंतर जेवायला निघून जातो. बुवा त्या रात्री शेडमध्ये आले ते पन्नास दिवस रोज आले. पहाटे तीनला यायचे, दगड हातात घ्यायचे आणि हरिपाठ म्हणत शाई घोटायचे. त्यांच्यामागून संस्थेची पोरं आली. कुणी वाद्या कापतंय, कुणी गठ्ठ्यांना पॉलिशकागद मारतंय. चाचा सत्तरीचे होते, तेही पंढरपूरहून येऊन तीन आठवडे राहिले. त्यांच्या नमाजाच्या वेळेला पोरं हातोडी थांबवायची. हे कुणी ठरवलं मला माहीत नाही.

सत्तेचाळीस पखवाज उत्तम झाले. शेवटच्या चारांची शाई घाईत ओली राहिली आणि गाडीत भरायच्या दिवशी तडकली. ती चूक माझीच होती. चाचांनी थांबायला सांगितलं होतं. बुवांनी स्वतः सप्ताहात जाऊन सांगितलं, "चार कमी आहेत. चार पोरं टाळ घेतील." कुणी काही बोललं नाही. पण कातड्याच्या व्यापाऱ्याचे अकरा हजार माझ्या डोक्यावर राहिले, ते फेडायला वर्ष लागलं. बुवांना पैशाचा हिशोब कधीच जमला नाही, आणि हे मी कौतुकानं म्हणत नाही. मात्र त्या सप्ताहात पखवाज ऐकून गेलेल्या गावांनीच पुढची दहा वर्षं आम्हाला काम दिलं.

पुढे नटबोल्टचे पखवाज आले. आषाढीच्या वाटेवर, दिवे घाट ओलांडला की पाऊस कधी गाठेल नेम नाही. वाद्या फुगून सैल पडतात आणि चांदोबाच्या लिंबाला रिंगणाच्या वेळी पखवाज बद्द बोलतो. नटबोल्टला पाना फिरवला की झालं. सुरुवातीला मी नाक मुरडलं, आता निम्मा माल तोच विकतो. गाज वादीच्या पखवाजाचीच, एवढं सांगून ठेवतो.

२०२० मध्ये पालख्या एसटीनं पंढरीला गेल्या. सप्ताह बंद, कीर्तनं बंद, संस्थांतली पोरं आपापल्या गावी. एप्रिल ते सप्टेंबर एकही नवा पखवाज गेला नाही. कारागिरांना घरी पाठवायचं ठरवलं, त्याच आठवड्यात बुवांकडून एक पखवाज दुरुस्तीला आला. पंधरा दिवसांनी, एकादशीला, दुसरा. मग तिसरा. प्रत्येक वेळी मजुरी आगाऊ. तिसरा वाजवून पाहिला तर त्याला काहीच झालं नव्हतं. सूर जागेवर होता. मी तो घेऊन संस्थेत गेलो. "महाराज, हा चांगला आहे."

"मला बद्द वाटतो," बुवा म्हणाले.

तेव्हा त्यांना दोन्ही कानांनी जवळजवळ ऐकू येत नव्हतं. त्यांनी खोडावर तळहात ठेवला, मला थाप मारायला लावली, मान हलवली. "बद्दच आहे. उतरव." मी उतरवला. चौघांचा पगार निघाला, दुकान चालू राहिलं.

बुवा २०२२ ला कार्तिकी वारीच्या आठवडाभर आधी गेले, ऐन हंगामात. सकाळी खांदा दिला आणि संध्याकाळी दुकान उघडलं, कारण दारात तीन दिंड्यांची माणसं उभी होती.

तो तिसरा पखवाज दुकानात उजव्या हाताला वर टांगलेला आहे. गिऱ्हाईकं किंमत विचारतात. तो विकायचा नाही. बाकी सगळं मिळेल. दुरुस्ती मात्र वैशाख संपायच्या आत आणून द्या. ज्येष्ठात आणलेल्या पखवाजाची शाई घाईत भरावी लागते, आणि ती मी आता भरत नाही.