तुम्ही विचारलंत म्हणून: चित्रकला येत नाही, स्प्राइट जमतील का?

घरच्या घरी गेम करणाऱ्या मंडळींचा मला हमखास येणारा प्रश्न असा: "कोड जमतो, गेम चालतो, पण पात्रं बघवत नाहीत. शाळेपासून चित्रकलेशी वाकडं. पिक्सेल आर्ट तरी जमेल का?" सोबत बहुतेक वेळा एक स्प्राइट (गेममधल्या पात्राचं किंवा वस्तूचं छोटं चित्र) जोडलेला असतो आणि खाली एक ओळ: "यात अजून काय घालू?"

जमेल. फक्त अजून काही घालू नका. माझ्याकडे येणाऱ्या स्प्राइटांचं दुखणं बहुधा एकच असतं, त्यात सगळंच जास्त झालेलं असतं. रंग जास्त, रेषा जास्त, छटा जास्त. १६ बाय १६ ची चौकट म्हणजे अवघे २५६ पिक्सेल, रंगाचे चौकोनी ठिपके. त्यात पापण्या, बुटाच्या नाड्या आणि शर्टाची बटणं कोंबली की माणूस कुठे आहे तेच कळेनासं होतं.

परवा एकाने कुत्रा पाठवला. त्याच्या घरच्यांनी एकमुखाने "शेळी छान आहे" असा निकाल दिला होता. आता शेळीचा कुत्रा कसा करायचा? मी आधी सगळा आकार एकाच काळ्या रंगाने भरून टाकला. डोळा गेला, गळ्यातला पट्टा गेला, अंगावरचे ठिपके गेले, राहिली नुसती सावली. सावलीतही ती शेळीच होती. म्हणजे रंगांचा काही दोष नव्हता. पोटाची रेषा पुढून मागपर्यंत सरळ होती. कुत्र्याची छाती खोल असते आणि कंबर आत गेलेली. मागच्या पायांच्या पुढचे तीन पिक्सेल पुसले. मान ताठ उभी होती, म्हणून डोकं एक ओळ खाली आणि एक रकाना पुढे सरकवलं. आडवे पडलेले कान उभे केले, एकेका पिक्सेलाचे. शेपटीचा आखूड खुंट होता, तो आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांसारखा पाठीवर वळवला. झाला कुत्रा. पट्टा आणि ठिपके परत आणलेच नाहीत. जीभ मात्र आणली, एका गुलाबी पिक्सेलाची.

या सगळ्यात चित्रकला किती लागली? हात लागलाच नाही म्हणा ना. कुत्रा नीट बघितलेला असणं लागलं, आणि ते आपल्या सगळ्यांकडे असतं. म्हणूनच मी नवख्यांना सांगते की आधी सावली काढा, ती घरातल्या कोणाला तरी दाखवा, आणि हे काय आहे म्हणून विचारा. उत्तर बरोबर येईपर्यंत रंगाच्या डब्याला हात लावायचा नाही.

जुन्या लोकांना हा शहाणपणा यंत्रानेच शिकवला. १९८१ च्या 'डाँकी काँग'मधल्या मारिओला टोपी का, तर इतक्या लहान जागेत केस नीट दाखवता येईनात. मिशी का, तर नाक कळावं आणि तोंड काढावं लागू नये. शर्टावर डांगरी का, तर हात हलताना वेगळे दिसावेत. मारिओ घडवणाऱ्या शिगेरू मियामोतोंनी स्वतःच हे पुढे सांगितलं आहे. जगातला बहुधा सर्वांत ओळखीचा गेममधला चेहरा असा अडचणींतून घडला. निंटेंडोच्या आठ बिटांच्या यंत्रावर तर एका स्प्राइटला तीनच रंग मिळत, चौथी जागा पारदर्शक. नव्वदच्या दशकात आपल्याकडे सगळे ज्याला नुसतं 'टीव्ही गेम' म्हणायचे, ती बहुतेक याच यंत्राची नक्कल. त्यात पडद्यावर गर्दी झाली की पात्रं लुकलुकायची, आठवतं? एका आडव्या ओळीत आठच स्प्राइट दाखवायची त्याची ताकद होती. नऊ आले की गेम त्यांना आळीपाळीने दाखवायचा. (आमच्याकडे त्यासाठी अ‍ॅडॉप्टरला चापट मारली जायची. बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता.)

तुमच्यावर आज अशी सक्ती नाही, म्हणून ती स्वतःवर लादून घ्या. एका पात्राला चार रंग, फार तर पाच. रंग निवडताना सगळे एकच गोष्ट करतात: तपकिरी घेतला, सावलीसाठी तोच काळा करत नेला, उजेडासाठी तोच पांढरा करत नेला. चित्र मळकट दिसतं ते यामुळे. सावलीकडे जाताना रंग थोडा जांभळ्या-निळ्याकडे वळवा, उजेडाकडे जाताना पिवळ्याकडे. कुत्र्याच्या सावलीतला तो जांभळट तपकिरी झाडाच्या खोडालाही चालतो आणि भिंतीच्या कडेलाही. असे रंग वाटून घेतले की सगळी पात्रं एकाच गेममधली वाटू लागतात. 'पिको-८' या छोटे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरचे ठरलेले १६ रंग घेऊन सुरुवात केलीत तर निम्मी डोकेदुखी तिथेच संपते. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये ढग आणि झुडूप हा एकच आकार आहे, फक्त रंग बदललेले. लहानपणी कोणाच्या लक्षात आलं होतं?

उजेडाची दिशाही एकदाच ठरवा आणि सगळ्या गेमला तीच ठेवा. मी वरून डावीकडून घेते. ती ठरवली नाही की हात आपोआप कडांना गडद आणि मधे फिकट करत सुटतो आणि दगड, माणूस, घर सगळंच उशीसारखं फुगीर दिसतं.

रेषांबद्दल थोडं. वक्र रेषा खडबडीत दिसते तेव्हा तिच्या पायऱ्या मोजा. पाच, तीन, दोन, एक असे पिक्सेल उतरत गेले तर वळण गुळगुळीत दिसतं. तीन, एक, तीन आले की तिथे टेंगूळ आलंच. कोपऱ्यात काटकोन करून बसलेला जादा पिक्सेलही पुसा. हे काम आठशे टक्के मोठं करून करावं लागतं, पण निर्णय तिथे घ्यायचा नाही. शेजारी मूळ मापातली छोटी खिडकी उघडी ठेवा आणि भरवसा तिच्यावर ठेवा. मोठ्या चित्रात सुंदर दिसणारी भुवई लहान चित्रात डोळ्याला झालेली जखम वाटू शकते.

चालण्यासाठी चार फ्रेम पुरतात. पाय एकमेकांना ओलांडतात त्या फ्रेममध्ये धड एक पिक्सेल वर न्या. एवढ्या एका पिक्सेलाने पात्राला वजन येतं. तो नसला की ते जमिनीवरून घसरत जातं. हात, पदर, शेपटी या गोष्टी एक फ्रेम उशिरा हलल्या तर आणखी बरं.

आणि मेहनतीने केलेले स्प्राइट गेममध्ये गेल्यावर का बिघडतात? बहुतेक वेळा पात्र तिप्पट मोठं केलेलं असतं, झाड दुप्पट, आणि नाणं दीडपट. पडद्यावर तीन मापांचे पिक्सेल एकत्र नांदत नाहीत. सगळं मूळ मापात मांडा आणि शेवटी अख्खा पडदा पूर्ण पटीत वाढवा. युनिटी या गेम बनवायच्या इंजिनात फिल्टर मोड 'पॉइंट'वर ठेवा, गोडोमध्ये 'निअरेस्ट'वर, नाहीतर इंजिन कडा धूसर करून टाकतं.

सॉफ्टवेअरवर मात्र माझ्याशी वाद घालू नका. 'एसप्राइट' उत्तम आहे, पैसे पडतात. 'लिब्रेस्प्राइट' फुकट आहे. 'पिस्केल' ब्राउझरमध्येच चालतं. कुत्रा तिन्हींत सारखाच निघतो.

मला दाखवायला पाठवाल तेव्हा मूळ मापातली पीएनजी फाइल पाठवा, आणि फोनवरून पाठवत असाल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून. फोटो दाबून जेपीईजी झाला की तुमचे चार रंग माझ्याकडे चाळीस होऊन पोचतात, आणि मी उगीच तुमच्यावर ओरडते.