कार्तागिनेसची हंगामवही : १९९४ ची रांग सुटली, आता सगळी मांडणी नव्याने

कोस्टा रिकातील कार्तागो शहराचा फुटबॉल क्लब कार्तागिनेस याच्या प्रत्येक हंगामाची नोंद मी एका स्प्रेडशीटमध्ये ठेवतो; तीच ही हंगामवही. मागील नोंदीत तिच्यातील १९९४ च्या कॉन्काकाफ चॅम्पियन्स चषकाची, म्हणजे उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियनमधील क्लबांच्या स्पर्धेची, रांग जुळत नसल्याने लाल रंगात तशीच सोडली होती. ती रांग अखेर सुटली आहे आणि तिच्यामुळे क्लब स्पोर्ट कार्तागिनेसच्या संपूर्ण हंगामवहीचा पाया बदलावा लागणार आहे, म्हणून १९३० च्या दशकातील संघयाद्या या वेळी बाजूला ठेवून हाच विषय सविस्तर मांडतो.

लक्षण असे होते की विजेतेपदांच्या शीटवर पिव्होट (नोंदी गटवार मोजणारा सारांश-तक्ता) फिरवला की कार्तागिनेसच्या खात्यावर खंडीय विजेतेपदे दोन दिसत, एक १९९४ मध्ये आणि दुसरे १९९५ मध्ये. प्रत्यक्षात ते एकच आहे. १९९४ ची स्पर्धा लांबत गेली आणि मेक्सिकोच्या आत्लांतेला ३-२ असे हरवून कार्तागिनेसने ती जिंकली ती फेब्रुवारी १९९५ मध्ये. स्पर्धांच्या यादीत वर्ष नावावरून येते आणि सामन्यांच्या यादीत तारखेवरून. दोन्ही याद्या आपापल्या जागी बरोबर असल्यामुळे कोणतीही एक दुरुस्त करून प्रश्न मिटत नव्हता. तारीख बदलली तर सामना खोटा होत होता आणि नाव बदलले तर स्पर्धा.

याहून अधिक छळले ते स्थळाने. प्रत्येक सामन्यासाठी संघाने किती प्रवास केला हे काढण्याकरिता सर्व स्थळे एका सशुल्क सेवेमार्फत नकाशावर बसवून घेतली होती. या अंतिम सामन्यापुढे ‘सान होसे’ एवढेच नाव राहिले आणि त्या सेवेने खूण लावली कोस्टा रिकाच्या राजधानीवर, म्हणजे कार्तागोपासून जेमतेम वीस-बावीस किलोमीटरवर. सामना झाला होता तो कॅलिफोर्नियातील सान होसे शहरात, सुमारे ४,९०० किलोमीटर दूर. एखादी खूण समुद्रात किंवा आफ्रिकेत पडली असती तर ती लगेच डोळ्यांत भरली असती, परंतु कोस्टा रिकन क्लबचा सामना कोस्टा रिकाच्या राजधानीत दाखवणारी खूण इतकी स्वाभाविक दिसते की तिच्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही.

सुगावा लागला तो मैदानाच्या स्तंभातून. तेथे ‘तटस्थ’ अशी नोंद होती आणि शेजारच्या प्रवासाच्या स्तंभात बावीस किलोमीटर. मेक्सिकन क्लबविरुद्धचा खंडीय अंतिम सामना एका संघाच्या घरापासून इतक्या जवळ आणि तरीही तटस्थ मैदानावर, हे दोन्ही एकाच रांगेत नांदणे शक्य नव्हते. मूळ स्पॅनिश नोंद पुन्हा उघडली तेव्हा शहराच्या नावापुढे कंसात अमेरिकेचे संक्षिप्त रूप स्पष्ट दिसले. त्या सेवेची स्वच्छता करणारी पायरी कंस आणि टिंबांची अक्षरे न विचारता गाळून टाकते. अशा सेवेसाठी यापुढे पैसे मोजू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. मध्य अमेरिकेत सान होसे, सांता आना, सान मिगेल ही नावे पावलोपावली भेटतात आणि देशाचा स्तंभ स्वतंत्रपणे हाताने भरण्याला पर्याय नाही. त्याच कॅलिफोर्नियातील सान होसे शहरात एप्रिल १९९६ मध्ये मेजर लीग सॉकर या अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल स्पर्धेचा पहिलावहिला सामना झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या काळात तेथील फुटबॉल कोणत्या वळणावर उभे होते याचा अंदाज येतो.

उपाय शेवटी साधा निघाला. वर्ष हा या वहीचा मुख्य दुवा होता, तो काढून प्रत्येक स्पर्धेला स्वतंत्र ओळखक्रमांक दिला. स्पर्धेचे नाव, सामन्याची खरी तारीख, शहर आणि देश हे आता चार वेगळे स्तंभ आहेत आणि त्या सर्वांना बांधतो तो ओळखक्रमांक. पिव्होट फिरवला आणि खंडीय विजेतेपद एकच दिसले, तेव्हा झालेला आनंद केवळ या छंदातील मंडळींनाच कळेल. ज्या स्प्रेडशीट प्रणालीत ही वही आहे त्या लिब्रेऑफिस कॅल्कने या सगळ्या उलथापालथीत एकही सूत्र तोडले नाही, हेही नोंदवले पाहिजे.

ही रांग सुटताच जुन्या प्रश्नाकडे नव्याने पाहता आले. कार्तागिनेसने १९२३, १९३६ आणि १९४० मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि त्यानंतरचे थेट २०२२ मध्ये, अलाहुएलेन्से या प्रतिस्पर्धी क्लबला अंतिम फेरीत नमवून. वर्षांच्या वजाबाकीने हा दुष्काळ ८२ वर्षांचा ठरतो आणि माझ्या वहीतही तसाच होता. आता मात्र तो वर्षांत मोजणे अपुरे वाटते, कारण २००७ पासून कोस्टा रिकात एका हंगामात दोन विजेते ठरतात. प्रतीक्षेच्या अखेरच्या टप्प्यात कार्तागोच्या प्रेक्षकांना दरवर्षी एकदा नव्हे, तर दोनदा हातात काही न घेता परतावे लागत होते. २०१३ च्या वेरानो (उन्हाळी) स्पर्धेचा अंतिम सामना एरेदियानो या क्लबविरुद्ध पेनल्टींवर गमावला आणि काही महिन्यांत पुढची स्पर्धा दारात उभी राहिली. ८२ या आकड्यात ही घुसमट कोठेच उमटत नाही.

म्हणून वर्षांची रेषा काढून टाकून स्पर्धागणिक एक चौकोन अशी पट्टी करायला घेतली आहे. पट्टीचा पहिला मसुदा पाहताना एक गोष्ट मनात ठसली, ती साप्रिसाविषयी. तो क्लब १९३५ मध्ये स्थापन झाला, पहिल्या श्रेणीत १९४९ मध्ये आला आणि त्याचे पहिले विजेतेपद १९५२ चे. म्हणजे कार्तागिनेसने तिसरे विजेतेपद जिंकले तेव्हा देशातील आजचा सर्वाधिक यशस्वी क्लब वरच्या श्रेणीत नव्हताही, आणि कार्तागिनेसच्या चौथ्या विजेतेपदापर्यंत त्याने तीसहून अधिक विजेतेपदे जमवली होती. साप्रिसाचे जांभळे चौकोन भरल्यावर ही लांबी डोळ्यांना जशी जाणवते तशी कोणत्याही आकड्याने जाणवत नाही.

१९४० च्या वृत्तपत्रांच्या पानांबाबत थोडीशी प्रगती आहे. कोस्टा रिकाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी वृत्तपत्रे सर्वांसाठी खुली केली आहेत आणि त्याबद्दल त्या संस्थेचे कितीही आभार मानले तरी थोडेच. बांधलेल्या खंडांचे स्कॅन असल्याने शिवणीजवळचा स्तंभ आत वळतो, तेथील अक्षरे अरुंद होत जातात आणि ओसीआर (चित्रातील अक्षरे ओळखणारी प्रणाली) शेजारच्या स्तंभात शिरून सामन्याच्या वृत्तांतात जाहिरातीच्या ओळी मिसळतो. पान आधी स्तंभागणिक कापून, वळलेला भाग सरळ करून, मग टेसरॅक्ट या ओसीआर प्रणालीला स्पॅनिश भाषा आणि पीएसएम ६ (मजकुराचा एकच सलग ठोकळा मानणारी मांडणी) देऊन चालवले की मजकूर वाचण्याजोगा येतो. संपूर्ण पान एकदम देणाऱ्यांनी हे जरूर करून पाहावे; कापण्याचा वेळ दुरुस्तीत भरून निघतो.

स्पर्धांच्या पट्टीला मात्र एक अडचण आहे आणि ती हे लिहिता लिहिताच पुढे आली. क्लबची स्थापना १ जुलै १९०६ ची. राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली १९२१ मध्ये आणि पहिला विजेता ठरला एरेदियानो. म्हणजे आजही खेळणाऱ्या या सर्वांत जुन्या कोस्टा रिकन क्लबची पहिली पंधरा वर्षे स्पर्धागणिक चौकोनांत दिसणारच नाहीत, आणि नेमकी तीच वर्षे मला सर्वाधिक मोलाची वाटतात. ४ मे १९१० च्या संध्याकाळी भूकंपाने कार्तागो शहर जमीनदोस्त केले. मातीच्या विटांची घरे कोसळली, शेकडो माणसे दगावली, आणि १९०८ पासून तेथे असलेले मध्य अमेरिकी न्यायालय सान होसेला हलवावे लागले. तेव्हा या क्लबला चार वर्षेही पूर्ण झाली नव्हती. अशा शहरात क्लब टिकला, ही नोंद एखाद्या विजेतेपदाइतकीच ठळक दिसली पाहिजे.

तेव्हा योजना पुन्हा बदलतो. पट्टीचा आरंभीचा भाग तारखांवर चालेल, १९२१ पासूनचा स्पर्धांवर, आणि दोन्हींच्या खाली शहराची एक अखंड ओळ राहील. तिच्यात १९१० चा भूकंप, एप्रिल १९४८ मध्ये गृहयुद्धात बंडखोर नेते फिगेरेस यांच्या सैन्याने घेतलेले कार्तागो, १९६३ ते १९६५ या काळात इराझू ज्वालामुखीने शहरावर ओतलेली राख आणि १९६३ च्या डिसेंबरात रेव्हेंतादो नदीने आणलेला चिखलाचा लोंढा येईल. ‘मुनयेको’ची, म्हणजे बाहुल्याची, आख्यायिकाही येईल. १९४० च्या विजयाच्या जल्लोषात खेळाडू घोड्यांसह शहराच्या बॅसिलिकात (मोठ्या चर्चमध्ये) शिरले आणि शाप ओढवला, मैदानाखाली एक बाहुला पुरलेला आहे, असे कार्तागोत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. ती वेगळ्या शीटवर, वेगळ्या रंगात राहील. घटना म्हणून तिची नोंद करता येत नाही, पण तिला वगळून या क्लबच्या प्रेक्षकांची आठ दशके समजणार नाहीत.

१९३६ च्या संघयाद्या त्यानंतर घेईन. एरेदियानो आणि अलाहुएलेन्से यांच्या वह्या करणाऱ्यांना एक विनंती आहे: ओळखक्रमांकांची पद्धत आताच ठरवून एकसारखी ठेवली, तर १९२१ पासूनचे परस्परांचे सामने तिन्ही वह्यांत थेट जोडता येतील. माझा नमुना स्तंभ पुढील नोंदीसोबत देतो.