विलायतेतले अडीच गुंठे

इंग्लंडमध्ये अलॉटमेंटचं, म्हणजे भाजीपाला लावायला भाड्याने मिळणाऱ्या छोट्या जमिनीच्या तुकड्याचं, माप अजूनही रॉडमध्येच सांगतात. पूर्ण प्लॉट १० (चौरस) रॉडचा, म्हणजे सुमारे २५० चौरस मीटर. एक रॉड साडेसोळा फुटांचा. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे प्रत्येक बाजूला बरोब्बर दोन रॉड. चार चौरस रॉडचा एक गुंठा, तर दहांचे अडीच. हा योगायोग नाही. मुंबई इलाख्याची जमीनमोजणी इंग्रजांनी ३३ फुटी साखळीने केली, आणि गुंठा आजही आपल्या बोलण्यात आहे.

अडीच गुंठे ऐकायला थोडे वाटतात. पण नोकरी सांभाळून, शनिवार-रविवारी, कुदळ-फावड्याने कसायचे म्हटले तर ते खूप होतात. म्हणून पहिलंच सांगणं: पाच रॉडचा अर्धा प्लॉट मागा. बऱ्याच काउन्सिल आता नवीन माणसाला अर्धाच देतात, आणि त्यात चार माणसांच्या घराची उन्हाळी भाजी आरामात निघते.

अलॉटमेंट ही कोणी मेहरबानी म्हणून दिलेली जागा नाही, हे आपल्या लोकांना फार कमी माहीत असतं. १९०८ च्या कायद्यानुसार इंग्लंड आणि वेल्समधल्या स्थानिक काउन्सिलवर मागणी असेल तर प्लॉट पुरवण्याची जबाबदारी आहे. त्या भागातल्या सहा मतदारांनी किंवा काउन्सिल टॅक्स भरणाऱ्या सहा जणांनी लेखी मागणी केली, की काउन्सिलला तिचा विचार करावाच लागतो. भारतीय पासपोर्टवर इथे रीतसर राहणाऱ्यांना कॉमनवेल्थ नागरिक म्हणून मतदार यादीत नाव घालता येतं, त्यामुळे त्या सहांत आपणही बसतो. आतल्या लंडनमधल्या बरोंवर (तिथल्या स्थानिक काउन्सिलवर) मात्र ही सक्ती नाही. स्कॉटलंडचा कायदाही वेगळा आहे.

अर्ज कुठे करायचा यात बरेच जण चुकतात. जिथे पॅरिश किंवा टाउन काउन्सिल (गावपातळीवरची छोटी काउन्सिल) आहे तिथे अलॉटमेंट तिच्याकडे असते, मोठ्या काउन्सिलकडे नाही. शहरात बहुतेक वेळा सिटी किंवा बरो काउन्सिलकडे, पण रोजचा कारभार साइटची कमिटी बघते. प्रतीक्षा यादी कुठे काही महिन्यांची, कुठे काही वर्षांची असते. घराजवळच्या एकाच साइटवर अडून बसू नका. परवानगी असेल तितक्या याद्यांमध्ये नाव घाला, आणि काउन्सिलने अधूनमधून ‘अजून हवी आहे का’ म्हणून पाठवलेल्या ईमेलला उत्तर द्या. उत्तर न दिल्यामुळे यादीतून नाव गेलेले पुष्कळ असतात. प्लॉट मिळताना जमीन ‘स्टॅट्युटरी’ आहे की ‘टेंपररी’, हेही विचारून घ्या. पहिल्या प्रकारची जमीन १९२५ च्या कायद्यामुळे सरकारच्या मंजुरीशिवाय विकता येत नाही. दुसऱ्या प्रकारात उद्या तिथे इमारत उभी राहू शकते, म्हणून तिथे सफरचंदाची झाडं लावण्याआधी विचार करावा.

हातात येणारा प्लॉट बहुतेक वेळा कंबरभर गवताचा असतो. इथे जी चूक सगळ्यात जास्त लोक करतात ती म्हणजे उत्साहात रोटाव्हेटर भाड्याने आणून सगळी जमीन एका दिवसात फिरवणं. त्या दिवशी जमीन सुरेख काळीभोर दिसते. तीन आठवड्यांत ती आधीपेक्षा हिरवी होते. कारण जमिनीत असतं बाइंडवीड, आपल्या हरणखुरीच्या कुळातली वेल. तिची मुळं पांढरी, शिजलेल्या शेवयांसारखी, आणि हात लावला की कडकन तुटणारी. तुटलेल्या बोटभर तुकड्यातून नवी वेल येते. रोटाव्हेटरने एका मुळाचे पन्नास तुकडे होतात, म्हणजे पन्नास वेली. काउच ग्रास नावाचं गवतही असंच, मुळाच्या कांड्यांतून पसरणारं.

योग्य रीत अशी. आधी गवत जमिनीलगत कापायचं. मग प्लॉटचा तीन-चतुर्थांश भाग जाड काळ्या, प्रकाश न जाऊ देणाऱ्या कापडाने किंवा प्लॅस्टिकने झाकायचा, कडा मातीत पुरायच्या किंवा विटांनी दाबायच्या. जुना गालिचा वापरू नका. त्यातले कृत्रिम धागे मातीत उतरतात, आणि बहुतेक साइटच्या नियमांत त्याला बंदीच असते. उरलेला चौथा भाग काट्याने, म्हणजे दात्यांच्या गार्डन फोर्कने, खणायचा. फावड्याने नाही, काट्याने, म्हणजे मुळं न तुटता उचलून येतात. एकेक मूळ बोटांनी वेचून बादलीत टाकायचं. ही मुळं कंपोस्टच्या ढिगात घालायची नाहीत, ती तिथेही जगतात. काउच ग्रास झाकणाखाली एका हंगामात बऱ्यापैकी मरतं, बाइंडवीडला दोन वर्षंही लागतात. झाकलेल्या भागात कापडाला छेद देऊन भोपळा किंवा कूर्जेट (झुकिनी) लावता येतं, त्यामुळे ती जमीन अगदीच रिकामी राहत नाही.

आता वेळापत्रक. आपलं सगळं पेरणीचं गणित पावसावर बसलेलं असतं. इथे पाऊस बाराही महिने आहे, गणित बसतं ते फ्रॉस्टवर, म्हणजे रात्रीच्या गोठवणाऱ्या थंडीवर, आणि दिवसाच्या लांबीवर. दक्षिण इंग्लंडमध्ये शेवटचा फ्रॉस्ट मेच्या मध्यापर्यंत येऊ शकतो, उत्तरेत जूनच्या सुरुवातीपर्यंत. एप्रिलमध्ये चार दिवस कडक ऊन पडतं, दुकानांत टोमॅटोची रोपं येतात, लोक ती नेऊन लावतात आणि एका रात्रीत सगळी काळी पडतात. टोमॅटो, मिरची, काकडी, भोपळा, शेंगा यांचं कोणतंही रोप मेच्या शेवटच्या आठवड्याआधी उघड्यावर लावू नये. रोपं बाहेर काढायची तीसुद्धा आठ-दहा दिवस सवय करून: दिवसा बाहेर, रात्री आत.

पहिल्या वर्षी बटाटा लावाच. पण सुपरमार्केटमधला नको. त्यात विषाणूजन्य रोग असू शकतात आणि ते प्लॉटमध्ये पसरतात. प्रमाणित बियाण्याचा बटाटा जानेवारीपासून बागेच्या दुकानांत मिळतो. तो अंड्यांच्या ट्रेमध्ये, जास्त डोळे असलेलं टोक वर करून, थंड पण उजेडाच्या खोलीत ठेवायचा. सहा आठवड्यांत अडीच सेंटिमीटरचे जाड, गर्द कोंब येतात. अंधारात ठेवलात तर कोंब लांब, पांढरट आणि ठिसूळ येतात, लावताना मोडतात. लवकर येणाऱ्या जाती मार्चअखेर लावायच्या, सुमारे १२ सेंटिमीटर खोल, दोन बटाट्यांत ३० आणि दोन ओळींत ६० सेंटिमीटर. गुड फ्रायडेला बटाटे लावायचे अशी इथली जुनी रीत आहे, पण ईस्टरची तारीख महिनाभर मागेपुढे होते, तेव्हा मातीकडे बघावं हे बरं. कोंब वीतभर वर आले की दोन्ही बाजूंनी मातीची भर द्यायची. भर कमी पडली तर वरचे बटाटे उन्हाने हिरवे होतात आणि ते खायचे नसतात. जूनअखेरीस पहिलं झाड उपटून बघा.

उशिरा येणाऱ्या जातींवर मात्र जुलै-ऑगस्टमध्ये करपा येतो. सलग दोन दिवस तापमान १० अंशांखाली गेलं नाही आणि दोन्ही दिवशी सहा-सहा तास हवेत ९० टक्क्यांवर दमटपणा राहिला, की धोका सुरू होतो. इथल्या बटाटा उत्पादकांना इशारे याच निकषावर दिले जातात. पानाच्या कडेला तपकिरी डाग, खाली उलटून बघितलं तर डागाभोवती पांढरी बुरशी. एवढं दिसलं की त्याच दिवशी सगळा पाला जमिनीलगत कापून प्लॉटबाहेर न्यायचा. बटाटे लगेच काढायचे नाहीत. दोन आठवडे जमिनीतच ठेवले की साल पक्की होते आणि वरच्या मातीतले बीजाणू मरतात. टोमॅटोलाही हाच रोग येतो आणि दोन दिवसांत अख्खी ओळ जाते. म्हणून उघड्यावर रोगाला दाद न देणाऱ्या जातीच लावाव्यात: बटाट्यात सार्पो मिरा, टोमॅटोत क्रिमसन क्रश.

आपल्या भाज्यांचं काय, हा प्रश्न प्रत्येक मराठी माणसाला पडतो. मेथी उत्तम येते. एप्रिलअखेरीपासून ऑगस्टपर्यंत दर तीन आठवड्यांनी थोडी थोडी पेरा, घरच्या पोह्याच्या डब्यासारखी ती कधी संपू देऊ नका. लाल माठ जूनच्या उबदार मातीत जोमाने वाढतो. बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागातल्या साइटवर कॅरिबियन कुटुंबं माठाच्याच जाती कॅलालू म्हणून लावतात, आणि त्यांच्याकडून बी मिळालं तर ते इथल्या हवेला सरावलेलं असतं. कोथिंबीर मे-जूनमध्ये पेरली तर तुरे काढून मोकळी होते, कारण तेव्हा दिवस सोळा तासांचा असतो. जुलैअखेरीस पेरा, मग ती थंडीपर्यंत पाला देते. मुळ्याचंही तसंच, पांढरा लांब मुळा २१ जूननंतरच. वाल आणि पावटा यांना फुलायला लहान दिवस लागतात. वेल बांबूच्या टोकापर्यंत जातो, शेंग धरायच्या वेळेला थंडी येते. त्यात जागा घालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. भेंडी, गवार, कारलं आणि दुधी यांना पॉलिटनल (प्लॅस्टिकचा बोगदा) हवा, आणि त्याची परवानगी आधी घ्यावी लागते.

वालाऐवजी इथली रनर बीन लावा. अडीच मीटरच्या बांबूंची दोन ओळींत तंबूसारखी बांधणी करायची, प्रत्येक बांबूपाशी दोन बिया पाच सेंटिमीटर खोल, मेच्या मध्यानंतर. जुलैपासून लालभडक फुलं आणि मग शेंगा. वीतभर झाल्या की तोडायच्या, दर दोन-तीन दिवसांनी. तोडणी चुकली तर शेंगांत दोर धरतो आणि वेल नवी फुलं काढायचं थांबवतो. कडेच्या शिरा काढून, बारीक चिरून, घेवड्यासारखी ओलं खोबरं घालून भाजी फार चांगली होते. नीट शिजवा मात्र, ही शेंग कच्ची खायची नसते.

लसूण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच लावायचा. त्याला महिना-दोन महिने १० अंशांखालची थंडी मिळाली नाही तर पाकळ्या सुट्या होत नाहीत, नुसता गोळा मिळतो.

खताबद्दल सावध राहायला हवं. तबेल्यातली घोड्याची लीद फुकट मिळते आणि साइटच्या फाटकापाशी ढीग ओतलेला असतो. पण कुरणावर अमिनोपायरालिड असलेलं तणनाशक मारलेलं असेल, तर ते गवतातून घोड्याच्या पोटातून जाऊन लिदीत जसंच्या तसं उतरतं. मग टोमॅटो, बटाटे आणि शेंगांची पानं वाटीसारखी आत वळतात, शेंडे पिळवटतात. लोक रोग समजून फवारण्या करत बसतात. तपासणी सोपी आहे. तीन कुंड्यांत लीद मिसळलेली माती, तीनमध्ये नुसती माती, सगळ्यांत ब्रॉड बीनच्या बिया. तीन-चार आठवड्यांत लिदीच्या कुंड्यांतली पानं वाकडी आली तर ते खत घेऊ नका. लीद वापरलीच तर ती वर्षभर कुजलेली असावी.

स्लगसाठी (बिनशंखाच्या गोगलगायींसाठी) मेटाल्डिहाइडच्या निळ्या गोळ्या २०२२ पासून बंद आहेत. फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या चालतात, पण खरा उपाय म्हणजे रोप जरा मोठं करून लावणं. कोबी, फ्लॉवरवर जाळी पहिल्या दिवसापासून हवी. फुलपाखरांसाठी सात मिलिमीटरची चालते, आणि रानकबुतरंही त्याच जाळीने थांबतात.

शेजाऱ्यांशी वागण्याचे काही अलिखित नियम आहेत. दोन प्लॉटमधली पायवाट दोघांनी कापायची. हौदातलं पाणी झारीने घ्यायचं, पाइप जोडून सोडून द्यायचा नाही. शेजारी दिसेनासा झाला म्हणून त्याच्या स्ट्रॉबेरी तोडायच्या नाहीत. ऑगस्टमध्ये कूर्जेट जास्त झाली की फाटकाजवळच्या टेबलावर ठेवायची, हवं त्याने न्यावी. विकायला बसायचं नाही, कारण कायद्याने प्लॉट मुख्यतः घरच्या वापरासाठी आहे. कोंबड्या पाळायचा हक्क १९५० च्या कायद्याने दिला आहे, आरवणारा कोंबडा पाळायचा नाही. आणि कमिटीच्या कामाच्या दिवशी तासभर तरी जा. करपा कोणत्या कोपऱ्यात आधी येतो, लीद कोणाची चांगली, हे तिथे चहा पिताना कळतं.

वर्षातून एक-दोनदा पाहणी होते. तण माजलेलं दिसलं की पत्र येतं, आणि ठरावीक मुदतीत सुधारणा नसेल तर प्लॉट जातो. आजारपण, बाळंतपण, भारतात लांब मुक्काम असेल तर जाण्याआधीच ईमेल करा. बहुतेक कमिट्या समजून घेतात, कारण त्यांना झाकलेला प्लॉट आणि सोडून दिलेला प्लॉट यांतला फरक कळतो. डिसेंबर-जानेवारीत महिनाभर गावी जाणं इथे सगळ्यात सोयीचं. सप्टेंबरअखेरीस लसणाची जागा राखून बाकी जमीन झाकून टाका, लसूण लावून झाला की नोव्हेंबरमध्ये हौदाचं पाणी बंद होतं आणि फेब्रुवारीपर्यंत प्लॉटवर फारसं काम नसतं. प्लॉट सोडायचाच ठरला, तर मार्चमध्ये भाडं थकवून गप्प बसण्यापेक्षा सप्टेंबरमध्ये लेखी कळवा. म्हणजे यादीतल्या पुढच्या माणसाला झाकायला, खणायला अख्खा हिवाळा मिळतो.