पोझ नको, काहीतरी करा
कॉस्प्लेमध्ये (सिनेमा-कॉमिक्समधल्या पात्रांसारखा वेश करतात ते) जोडीचे फोटो काढताना 'हं, आता जवळ या' म्हटलं की दोघं पुतळ्यासारखे ताठ होतात. म्हणून मी आता पोझ सांगतच नाही, काम सांगते, म्हणजे तिचा विग नीट कर, कानात काहीतरी फालतू बोल, माझ्याकडे न बघता चालत या, आणि तोवर बर्स्ट मोड (बटण दाबून धरलं की सलग फोटो) चालूच. शटर स्पीड १/२५० सेकंदापेक्षा हळू ठेवत नाही, नाहीतर हालचाल धूसर येते. हॉलमधली गर्दी डोकेदुखीच, पण ८५ एमएम लेन्स लावून अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) मोठं ठेवलं की मागचे लोक विरघळतात, फक्त दोघांचे चेहरे कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर हवेत, नाहीतर एक शार्प आणि दुसरा धूसर (अख्खा सेट असा घालवलाय मी, कळलं घरी आल्यावर). आणि 'झालं, थँक्यू' म्हटल्यावर दोघं सैल होऊन हसतात ना, तेव्हाही क्लिक करत राहा.