जिंजर नाही, सिड

जुन्या हॉलिवूडचा विषय निघाला की एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो: नाचणारा नट फ्रेड अस्टेअर, त्याच्याबरोबर सगळ्यात सुंदर कोण नाचलं? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर तयार असतं, जिंजर रॉजर्स. मी सिड शरीस म्हणते. मग पुढचा प्रश्न येतो, ‘का हो? तिला तर धड अभिनयसुद्धा येत नव्हता.’ आता तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

जिंजरला कमी लेखायचं नाही मला. अस्टेअरबरोबरचे तिचे दहा चित्रपट, त्यातले नऊ १९३३ ते १९३९ या काळात आरकेओ स्टुडिओत झालेले. नाचताना ती समोरच्याचं ऐकते आहे असं वाटायचं, आणि ही गोष्ट शिकवून येत नाही. ‘किटी फॉइल’साठी तिला ऑस्कर मिळालं. सिडला आयुष्यात साधं नामांकनही नाही. शिवाय जिंजरची बाजू घेणारे एक वाक्य ऐकवतातच: अस्टेअरनं जे केलं ते सगळं जिंजरनंही केलं, तेही उलट्या पावलांनी आणि उंच टाचा घालून. वाक्य झकास आहे. पण ते जिंजरचं नाही, १९८२ सालच्या एका वर्तमानपत्री व्यंगचित्रातलं आहे. आणि ते खरं मानलं तर अस्टेअरबरोबर नाचलेल्या प्रत्येकीला लागू पडतं.

फरक आहे तो दोघींच्या घडणीत. जिंजर लहान वयात चार्ल्सटन नाचाची स्पर्धा जिंकून रंगमंचावर आली. सिड बॅलेतून आली. टेक्सासमधल्या अमॅरिलो गावात १९२२ साली जन्मलेल्या या मुलीचं खरं नाव टूला एलिस फिंकली. धाकट्या भावाला ‘सिस’ म्हणता येईना, तो ‘सिड’ म्हणायचा, तेच चिकटलं. लहानपणी पोलिओ झाला. पायात बळ यावं म्हणून तिला बॅलेला घातलं. तिचे वडील सराफ होते आणि त्यांना बॅलेचं वेड होतं. पुढे लॉस एंजेलिसला अडॉल्फ बोल्म आणि ब्रोनिस्लावा निजिन्स्का यांच्याकडे तालीम झाली. निजिन्स्का म्हणजे खुद्द निजिन्स्कीची, त्या ख्यातनाम बॅले नर्तकाची बहीण, स्वतः मोठी नृत्यरचनाकार. तिच्या हाताखालून गेलेली मुलगी कशी उभी राहत असेल ते सांगायला नको. मग कर्नल द बासिलच्या रशियन बॅले कंपनीत शिरकाव झाला. तिथे अमेरिकन नाव चालणार नव्हतं, म्हणून ही अमॅरिलोची पोर कधी फेलिया सिदोरोव्हा झाली, कधी मारिया इस्तोमिना. ‘शरीस’ हे आडनाव पहिल्या नवऱ्याचं. निको शरीस नृत्यशिक्षक होता, १९३९ साली लग्न झालं. युद्ध पेटलं, युरोपचे दौरे संपले आणि ती परत लॉस एंजेलिसला आली. तिथून एमजीएम स्टुडिओ.

म्हणजे सिनेमात आली तेव्हा ती नट्यांमधली नर्तकी नव्हती. ती नर्तकी होती आणि अधूनमधून तिला संवाद बोलावे लागत. ते ती बेताचेच बोलायची, हे मी मान्य करते. स्टुडिओलाही तिचं काय करावं हे बरीच वर्षं कळलं नाही. त्यात नशीबही आडवं आलं. ‘ईस्टर परेड’ मिळाला होता, पाय दुखावला, भूमिका ॲन मिलरकडे गेली. ‘ॲन अमेरिकन इन पॅरिस’च्या वेळी तिला दिवस गेले होते, तो लेस्ली कॅरॉनला मिळाला आणि लेस्ली एका रात्रीत प्रसिद्ध झाली. दुसरा नवरा, गायक टोनी मार्टिन, याच्याशी तिनं १९४८ साली लग्न केलं होतं. हा संसार तिच्या मृत्यूपर्यंत साठ वर्षं टिकला. हॉलिवूडच्या मानानं हाच एक विक्रम म्हणायचा.

१९५२ साली ‘सिंगिन इन द रेन’ आला. त्यात ती शेवटाकडच्या एका लांबलचक नृत्यप्रसंगापुरती येते, एक शब्दही बोलत नाही. हिरवा झगा, कानापाशी कापलेले केस. नायक जीन केली गुडघ्यांवर घसरत येतो, त्याची टोपी समोर येऊन थांबते ती सिडच्या ताणलेल्या पायाच्या टोकावर. कॅमेरा सावकाश त्या पायावरून वर जातो. त्याच प्रसंगात पुढे ती पांढऱ्या पोशाखात येते, मागे कित्येक फूट लांब रेशमी वस्त्र वाऱ्यावर उडतं आणि तिला त्या वस्त्राशी, वाऱ्याशी आणि केलीशी एकाच वेळी जुळवून घ्यावं लागतं. सिनेमा संपल्यावर नायिका डेबी रेनल्ड्सइतकीच हीही लक्षात राहते, न बोलता.

गंमत अशी की तो सिनेमाच मुळी उसन्या आवाजाबद्दल आहे. गोष्टीत डेबी दुसरीला आवाज देते. प्रत्यक्षात डेबीच्या एका गाण्याला बेटी नॉइजचा आवाज होता, आणि डेबी जिला आवाज देते असं दाखवलंय त्या जीन हेगननंच एका प्रसंगात डेबीसाठी स्वतःचा मूळ आवाज दिला. सिडचं गाणंही कायम उसनंच असायचं: ‘द बँड वॅगन’मध्ये इंडिया ॲडम्स, ‘ब्रिगाडून’ आणि ‘सिल्क स्टॉकिंग्ज’मध्ये कॅरल रिचर्ड्स. आपल्याला यात वावगं वाटत नाही, पार्श्वगायनावर तर आपला अख्खा सिनेमा उभा आहे. पण तिकडे या बायकांची नावं पडद्यावर येत नसत. ‘द बँड वॅगन’मधून सिडचं एक गाणं कापलं गेलं, तर इंडिया ॲडम्सचं तेच ध्वनिमुद्रण स्टुडिओनं त्याच वर्षी ‘टॉर्च साँग’मध्ये जोन क्रॉफर्डच्या तोंडी घातलं! काटकसर म्हणावी ती अशी. पुढे १९९४ साली एमजीएमच्या एका संकलनपटात दोन्ही तुकडे शेजारी शेजारी दाखवले गेले. क्रॉफर्ड भारी अभिनेत्री, पण त्या तुकड्यात तिच्याकडे बघवत नाही.

आता मुद्द्याचं. १९५३ चा ‘द बँड वॅगन’, दिग्दर्शक व्हिन्सेंट मिनेली. अस्टेअर सिनेमातून उतरणीला लागलेला नर्तक, सिड नावाजलेली बॅलेरिना. दोघांना एका नाटकात एकत्र नाचायचंय आणि दोघं एकमेकांना मनातून घाबरून आहेत. त्याला वाटतं ही फार उंच आहे, आणि आपण बॅलेवाले नाही. तिला वाटतं हा एवढा मोठा माणूस, आपला निभाव कसा लागणार. भांडण होतं. मग ठरतं की बोलणं पुरे, आपल्याला एकत्र नाचता येतं का एवढंच बघू. घोडागाडी करून दोघं सेंट्रल पार्कला जातात. (पार्क एमजीएमच्या स्टुडिओतलं, हे उघड दिसतं आणि त्यानं काही बिघडत नाही.) वाटेत उघड्यावर जोडपी नाचत असतात. हे दोघं त्यांच्यामधून नुसते चालत जातात. नाचत नाहीत.

त्या चालण्यासाठी मी हा सिनेमा पुन्हा पुन्हा लावते. मोकळ्या जागेत आल्यावरही दोघं काही वेळ चालतच राहतात, एकमेकांना न धरता, पण पावलं जुळलेली. मग एका पावलाला हलकीशी गिरकी लागते, दुसरं त्याला उत्तर देतं. नाच नेमका कुठे सुरू झाला हे बोट ठेवून दाखवता येत नाही. जिंजरच्या चित्रपटांत बहुतेकदा अस्टेअर गाऊन तिची मनधरणी करतो आणि ती हळूहळू वितळते. तो खेळ गोड आहे, पण पुढाकार त्याचा असतो. इथे गाणं कुणी म्हणतच नाही, नुसती धून वाजते. इथे दोन घाबरलेली माणसं बरोबरीनं एकमेकांची परीक्षा घेतात आणि निकाल दोघांना एकाच क्षणी कळतो. संवादात जे सिडला कधीच जमलं नाही, ते ती इथे पाठीच्या कण्यातून बोलते. शेवटी पायऱ्या चढत, फिरत, न थांबता दोघं पुन्हा घोडागाडीत येऊन बसतात. हा अभिनय नाही तर मग अभिनय कशाला म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

केली आणि अस्टेअर या दोघांबरोबर मुख्य भूमिकांत नाचलेल्या नट्या मोजक्याच. सिड गमतीनं सांगायची की ती कुणाबरोबर नाचून आली हे नवऱ्याला घरी कळायचं: अंगावर काळेनिळे वळ असले तर केली, एकही ओरखडा नसला तर अस्टेअर. हे नुसतं हसण्यावारी नेऊ नका. केली जोडीदारणीला उचलायचा, झेलायचा, कवेत घ्यायचा. अस्टेअर तिच्या शेजारून वाहायचा. सिडला दोन्ही पेलत होतं, कारण तिचा तोल स्वतःचा होता. तिला कुणी धरावं लागत नव्हतं. ‘इट्स ऑलवेज फेअर वेदर’मध्ये तर ती मुष्टियोद्ध्यांच्या घोळक्यात जोडीदाराशिवाय नाचून मैदान मारते. त्या सिनेमात केलीबरोबरचं तिचं युगुलनृत्य चित्रित होऊनही कापलं गेलं, याचा मला अजून राग आहे.

स्टुडिओच्या प्रसिद्धी खात्याला मात्र तिच्या पायांचंच कौतुक. त्या पायांच्या विम्याच्या बातम्या छापून यायच्या. तिच्या पाठीबद्दल, मानेबद्दल, थांबण्याबद्दल कुणी लिहीना.

१९५७ च्या ‘सिल्क स्टॉकिंग्ज’नंतर हे सगळंच आटत गेलं. टीव्ही घरोघरी आला होता, मोठ्या स्टुडिओंच्या हातून त्यांची थिएटरं कायद्यानं गेली होती आणि असे खर्चिक नृत्यपट कुणाला परवडेनात. ती पस्तिशीची होती. ‘पार्टी गर्ल’ झाला, थोडे युरोपियन चित्रपट झाले, टोनीबरोबर नाइटक्लबचे दौरे झाले. ब्रॉडवेवर ती पहिल्यांदा उभी राहिली ती १९९२ साली, सत्तरीत, ‘ग्रँड हॉटेल’मधल्या वयस्क बॅलेरिनाच्या भूमिकेत. २००६ मध्ये तिला अमेरिकी सरकारचं राष्ट्रीय कलापदक मिळालं. १७ जून २००८ रोजी ती गेली.

पटलं नसेल तर एक संध्याकाळ काढा. ‘द बँड वॅगन’ पूर्ण बघा, त्यातला गुप्तहेर कथांची टर उडवणारा शेवटचा बॅले चुकवू नका. त्यात सिड दोन बायका झाली आहे आणि दोघी वेगळ्या चालतात. ‘सिल्क स्टॉकिंग्ज’ जरा लांबलाय, मधला भाग पुढे ढकललात तरी माझी हरकत नाही. पण सोव्हिएत अधिकारी बाई पॅरिसच्या हॉटेलात दार लावून, एकटी, जाडेभरडे कपडे उतरवून लपवलेले रेशमी मोजे बाहेर काढते तिथे थांबा. त्याच गोष्टीवरच्या १९३९ च्या ‘निनोच्का’त हे काम ग्रेटा गार्बोनं केलं होतं, म्हणजे तुलना सोपी नाही. गार्बोकडे चेहरा होता. सिड त्या खोलीत आधी ताठ, मग चोरटी, मग निवांत होत जाते, सगळं पावलांनी. ते बघून झालं की जिंजरचा ‘टॉप हॅट’ लावा, आणि मग मला सांगा.