नाहीसा झालेला सीडी ड्राइव्ह

औशाच्या मावशीकडचा सीडी प्लेअर एमपी३ (आवाजाच्या दाबून लहान केलेल्या फाइली) वाचत नाही, आणि तिला तर आजीच्या जात्यावरच्या ओव्या त्याच प्लेअरवर ऐकायच्या होत्या. कॅसेटवरून उतरवून घेतलेले ते ध्वनिमुद्रण विंडोज एक्सपी असलेल्या माझ्या जुन्या संगणकात होते, म्हणून लातूरच्या घरी माळ्यावरून तो संगणक खाली काढला.

त्यात सीडी राइट करणारे दोन प्रोग्राम होते, शिवाय सीडी राइट करण्याची सोय असलेला एक मीडिया प्लेअर. पहिली सीडी सातव्या ओवीवर अडकून वाया गेली, तेव्हा एक प्रोग्राम मी रीतसर काढून टाकला आणि संगणक पुन्हा सुरू केला. पाहतो तर ‘माय कॉम्प्युटर’मधून ड्राइव्हच गायब! जोडलेल्या उपकरणांची यादी दाखवणाऱ्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या नावापुढे पिवळे उद्गारचिन्ह आणि ‘कोड ३९’, म्हणजे ड्रायव्हर लोड होत नसल्याची खूण. दुकानदाराने ड्राइव्ह गेल्याचे सांगून नवा घ्यायला सुचवले. पण संगणक सुरू होताना बायोसच्या (विंडोजच्याही आधी चालणाऱ्या प्रोग्रामच्या) काळ्या पडद्यावर ड्राइव्हचे नाव व्यवस्थित दिसत होते, त्यामुळे बिघाड यंत्रात नसावा असे मला वाटले.

असे प्रोग्राम आपल्याला दिसणाऱ्या खिडकीपुरते नसतात. विंडोज आणि ड्राइव्ह यांच्या मध्ये ते आपला फिल्टर ड्रायव्हर (मधे बसून आदेश हाताळणारा छोटा प्रोग्राम) बसवतात, आणि ड्राइव्हला जाणारा प्रत्येक आदेश त्याच्या हाताखालून जातो. काही मीडिया प्लेअरही हेच करतात. या ड्रायव्हरांची नावे रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, ‘अपरफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ या नोंदींत असतात. प्रोग्राम काढताना ड्रायव्हरची फाइल गेली आणि नाव मात्र यादीत राहिले, तर विंडोज त्या नावाचा ड्रायव्हर शोधते, तो सापडत नाही आणि ड्राइव्ह सुरूच होत नाही. माझ्याकडे नेमके हेच झाले होते.

रजिस्ट्री बदलण्याचा विंडोजचा प्रोग्राम रेजएडिट उघडून ‘कंट्रोल’खालच्या ‘क्लास’मध्ये ४डी३६ई९६५ ने सुरू होणारी सीडी ड्राइव्हची की (नोंदींचा कप्पा) शोधली, तिची प्रत आधी एक्स्पोर्ट करून ठेवली (हे टाळणाऱ्याने रजिस्ट्रीला हात लावू नये), त्या दोन्ही नोंदी पुसल्या आणि संगणक पुन्हा सुरू करताच ड्राइव्ह परत आला. मात्र पुसलेल्या यादीत उरलेल्या प्रोग्रामचेही नाव होते, त्यामुळे तो नव्याने बसवावा लागला.

पहिली सीडी का वाया गेली, हे त्यानंतर ध्यानात आले. ऑडिओ सीडीला १६ एक्स (वाजण्याच्या सोळापट) वेगाने सेकंदाला सुमारे २.८ एमबी माहिती पुरवावी लागते आणि माझ्या जुन्या ड्राइव्हच्या बफरमध्ये (माहितीच्या तात्पुरत्या साठ्यात) २ एमबीच मावते, म्हणजे पुरवठा पाऊण सेकंद तुटला तरी सीडी गेलीच. नेमक्या त्याच वेळी मीडिया प्लेअर हार्ड डिस्कवरची गाणी धुंडाळत होता आणि राइट करणारा प्रोग्राम एमपी३ उलगडत बसला होता.

आता ओव्या आधी वेव्ह, म्हणजे न दाबलेल्या, फाइलींत उतरवून घेतल्या, घड्याळाशेजारी दडून बसलेला प्लेअरही बंद केला, सीडी घालताच आपोआप काही सुरू करणारे ऑटोप्ले काढून टाकले आणि ८ एक्सवर दोन सीडी केल्या. मीडिया प्लेअर आता फक्त वाजवण्यापुरता ठेवला आहे. ‘अपरफिल्टर्स’मध्ये सध्या एकच नाव आहे.