दहावी खिडकी

भ्रष्टाचाराचा विषय निघाला की बोलणे बहुधा माणसांच्या नीतिमत्तेपाशी जाऊन थांबते. मला मात्र आधी कायद्यातले आकडे पाहावेसे वाटतात, कारण लाचेची रक्कम पुष्कळदा तिथेच ठरलेली असते.

इंग्लंडमध्ये 1696 पासून 1851 पर्यंत घराच्या खिडक्यांवर कर होता. 1747 च्या दरांनुसार नऊ खिडक्यांपर्यंत खिडक्यांमागे काहीच द्यावे लागत नसे, पण दहावी खिडकी झाली की एकट्या तिच्यावर नव्हे, तर दहाही खिडक्यांवर प्रत्येकी सहा पेन्स, म्हणजे एकदम पाच शिलिंग भरावे लागत. त्या काळच्या करनोंदी तपासणाऱ्या अर्थतज्ज्ञांना नऊ, चौदा आणि एकोणीस खिडक्यांची घरे संशय यावा इतकी जास्त आढळली, कारण पुढचा दर पंधराव्या आणि विसाव्या खिडकीला चढत होता. विटा लावून खिडकी बुजवणे बेकायदा नव्हते. पण खिडक्या मोजायला आलेल्या माणसाचा विचार करून पाहा. त्याने वहीत दहाऐवजी नऊ लिहिले, तर घरमालकाचे पाच शिलिंग वाचतात आणि त्या पाच शिलिंगांच्या आत दोघांचा सौदा कुठेही पटू शकतो. कर प्रत्येक खिडकीमागे सारखाच चढत गेला असता, तर तीच लबाडी जेमतेम सहा पेन्सांची झाली असती आणि तेवढ्यासाठी नोकरी पणाला लावण्याआधी त्याने दोनदा विचार केला असता.

दुसरा प्रश्न असा की, करदात्याखेरीज खरी गोष्ट आणखी कोणाच्या वहीत आहे? अमेरिकेत 1986 च्या करसुधारणेनंतर विवरणपत्रात अवलंबून असलेल्या मुलांचा सामाजिक सुरक्षा क्रमांक लिहिणे सक्तीचे झाले आणि पुढच्याच वर्षी सुमारे 70 लाख मुले करविवरणांतून नाहीशी झाली. यांतली काही खरी असतील, नुसता क्रमांक काढायचा राहून गेला असेल. पण सगळीच तशी असतील हे मानणे कठीण आहे. तिथल्याच करखात्याच्या अंदाजानुसार, ज्या पगारातून कर आधीच कापला जातो त्यातला जेमतेम 1 टक्का दडवला जातो, तर ज्या उत्पन्नाची माहिती तिसऱ्या कोणाकडून फारशी येतच नाही त्यात हे प्रमाण 55 टक्क्यांच्या घरात जाते. नोकरदार मंडळी जात्याच सचोटीची असतात असे यावरून म्हणता येणार नाही. त्यांना संधीच नसते.

मूल्यवर्धित कराची रचना याच तत्त्वावर उभी आहे. खरेदीदाराला भरलेल्या कराची वजावट हवी असेल तर विक्रेत्याकडून बिल घ्यावेच लागते, आणि अशा रीतीने एकाचा स्वार्थ दुसऱ्याचा पहारेकरी होतो. ही साखळी शेवटच्या ग्राहकापाशी तुटते, कारण त्याला बिलाचा काहीच उपयोग नसतो. म्हणून पोर्तुगालने 2014 मध्ये बिलांवर मोटारींची सोडत सुरू केली. अर्थात वजावटीला किंमत आली की खोट्या बिलांचाही धंदा उभा राहतो, हेही ओघानेच आले.

दंड जबर करावा, हा उपाय सर्वांत आधी सुचतो. पकडले जाण्याची शक्यता आणि शिक्षेची तीव्रता यांचा गुणाकार गुन्हेगार मनात करतो, अशी मांडणी अमेरिकन अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी 1968 मध्ये केली. पण पकडणाऱ्यालाच विकत घेता येत असेल, तर वाढलेला दंड म्हणजे त्याच्या हातात आलेला वाढीव भाव असतो.

संस्कारांचा यात काहीच वाटा नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. न्यूयॉर्कमध्ये परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांना पार्किंगचा दंड वर्षानुवर्षे बुडवता येत होता, आणि त्या काळात ज्यांच्या मायदेशी भ्रष्टाचार जास्त, तेच नियमही जास्त मोडत, असे रेमंड फिसमन आणि एडवर्ड मिगेल या अर्थतज्ज्ञांना आढळले. 2002 च्या अखेरीस थकबाकीदारांच्या गाड्यांच्या राजनैतिक नंबरप्लेट काढून घेण्याचा अधिकार शहराला मिळाला, आणि न भरलेल्या दंडपावत्या सुमारे 98 टक्क्यांनी घटल्या.